तीन सुतांचा फरक

आज आमच्या घरातल्या एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडीची म्हणजे खरं तर तिच्या पत्र्याची. जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

बेळगावात टिळकवाडीला आमच्या घरामागं एक शेड आहे. त्यात दोन माणसांची, उघड्या टपाची एक गाडी उभी असते. एम.जी. कंपनीचं एम.जी.ए. हे मॉडेल, १९५८ सालचं. नाक बसकं, वरचे दोन दिवे गोल, म्हणून गल्लीतली पोरं तिला 'बेडकी' म्हणतात. उभं राहून बघितलं तर पुढची दोन्ही मडगार्डं सारखीच दिसतात. पण पाटावर बसून, डोळे बॉनेटच्या उंचीला आणून बघा. उजवं मडगार्ड डाव्यापेक्षा किंचित फुगीर आहे. किती? तीन सूत. इंचाचे आठ भाग केले की एका भागाला आमच्याकडचे कारागीर सूत म्हणतात. म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. या साडेनऊ मिलिमीटरवरून आमच्या घरात जेवढं वाजलं, तेवढं आजोबांच्या शेताच्या वाटणीवरूनही वाजलं नव्हतं.

आधी ही गाडी बेळगावात आली कशी ते सांगतो.

पन्नासच्या दशकात घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली दोन वेगळी जगं होती. वर आपल्याकडं देशी कारखानदारीला संरक्षण द्यायचं म्हणून परदेशी गाड्यांची वाट हळूहळू बंद झाली. जनरल मोटर्सचा मुंबईतला गाड्या जुळवण्याचा कारखाना १९२८ पासून चालू होता, तो १९५४ साली बंद झाला. मग आपल्या वाट्याला उरल्या अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड. घाटाखाली गोव्यात मात्र पोर्तुगीज अमदानी. भारतानं नाकेबंदी केलेली, त्यामुळं माल यायचा तो थेट मुरगाव बंदरात, बोटीनं. त्याच काळात लोहखनिज जपानला जाऊ लागलं आणि खाणवाल्यांच्या हातात पैसा खेळू लागला. घड्याळं, रेडिओ, दारू, गाड्या, सगळं परदेशी. आमचे थोरले काका मडगावला होते. ते सांगायचे, बेळगावात ज्या गाड्यांची फक्त चित्रं बघायला मिळायची, त्या तिथं मासळीबाजारासमोर उभ्या असायच्या.

ही गाडी अशाच एका घरातल्या तरुणानं नवी मागवलेली. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे, तिथं एम.जी.चा कारखाना होता. बॉड्या कोव्हेंट्रीला बनायच्या आणि मग अ‍ॅबिंग्डनला चासीवर चढायच्या. १९५५ ते १९६२ या काळात एम.जी.ए. एकूण १,०१,०८१ बनल्या. त्यातल्या खुद्द इंग्लंडात विकल्या गेल्या सहा हजारांहून कमी. बाकी सगळ्या परदेशी गेल्या, बहुतेक अमेरिकेत. म्हणजे ही गाडी जन्मली तीच सासरी जाण्यासाठी. आपली बेडकी मुरगावात उतरली एवढंच.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढं काही वर्षांनी तो तरुण परदेशी गेला. जाण्याआधी त्यानं गाडी एका माडावर घातली होती. उजवं मडगार्ड पार चेपलेलं. ती तशीच माडांच्या बागेत एका छपराखाली पडून राहिली. पुढं काकांच्या गॅरेजचं जुनं बिल त्या घराकडून यायचं होतं, त्याच्या बदल्यात १९७१ साली ती काकांकडं आली. काकांना ती अडगळ वाटत होती. पण त्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला गेलो आणि बाबा तिच्याभोवती तासभर फिरत राहिले.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचा पगार सांगितला तर तुम्ही हसाल. पण रेषेचं वेड होतं. त्या गाडीला बाहेरून दाराची मूठ नाही. हात आत घालून दाराच्या कप्प्यातली दोरी ओढायची, मग दार उघडतं. बाबांना त्याचंच कौतुक. म्हणाले, "बघ, कुठं रेषा मोडू दिली नाही." आई म्हणाली, "पाऊस आला की कळेल रेषा." १९७४ साली काकांनी ती एका ट्रकवर चढवून अनमोड घाटातनं बेळगावला पाठवून दिली. फुकट. काकू महिनाभर काकांशी बोलल्या नाहीत असं म्हणतात.

आता खरी गोष्ट सुरू होते. इंजिन आणि पत्रा यांचं नशीब किती वेगळं असतं ते मला या गाडीनं शिकवलं.

एम.जी.ए.चं इंजिन १४८९ सी.सी.चं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज'मधलं. १९५९ पासून आपल्या अँबॅसॅडरला जे इंजिन बसू लागलं, ते याच घराण्यातलं, तेवढ्याच सी.सी.चं. अँबॅसॅडरला साधा एक कार्ब्युरेटर, बेडकीला दोन, म्हणून ताकदीत फरक. पण पोटातलं गोत्र एक. त्यामुळं बेअरिंग घ्या, गॅस्केट घ्या, बाबा सरळ खडेबाजारात जायचे आणि "अँबॅसॅडरचं द्या" म्हणायचे. लंडनपासून इतक्या लांब, परवान्याच्या राज्यात, एका विलायती स्पोर्ट्स गाडीचं काळीज आपल्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर धडधडत राहिलं.

पत्र्याला मात्र कुणी सोयरा नव्हता. मडगार्ड, सिल, पुढची जाळी, दाराचा पत्रा यातलं काहीही अँबॅसॅडरचं चालत नाही. बाबांनी इंग्लंडला पत्र घातलं. महिन्यानं उत्तर आलं, किंमतीसकट. मडगार्ड तिथं मिळत होतं. पण आयातीचा परवाना, त्यावरचं शुल्क आणि परकीय चलन हे सगळं ऐकून बाबांनी ते पत्र घडी करून पंचांगात ठेवून दिलं. ते अजून आहे.

आणि काम फक्त मडगार्डाचं नव्हतंच. समुद्राच्या खाऱ्या हवेनं गाडी आतनं खाल्ली होती. एम.जी.ए.ला वेगळी भक्कम चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली. दाराच्या खाली जी पेटीसारखी पोकळ पट्टी असते तिला सिल म्हणतात. चाकांनी उडवलेला चिखल पुढच्या मडगार्डाच्या मागच्या कोपऱ्यात साठतो, पाणी सिलमध्ये उतरतं, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग शाबूत, बोटानं दाबलं की आरपार. सिल गेली की बॉडी मध्येच वाकते आणि दार लागायचं बंद होतं. शिवाय या गाडीत दारांचा बाहेरचा पत्रा, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, बाकी बॉडी पोलादी. दोन धातू एकमेकांना चिकटलेले, वर खारट ओल. अ‍ॅल्युमिनियमचं पांढरं पीठ होत जातं. आमच्या दारांच्या कडांना बोट लावलं की पीठ लागायचं.

बेळगाव हे ओतकामाचं, मशीनशॉपचं गाव. उद्यमबागेत तुम्हाला लोखंडाचं काहीही करून मिळेल. पण हे काम ओतायचं नव्हतं, ठोकायचं होतं. तीन-चार टिंकरवाल्यांनी गाडी बघून हात जोडले. शेवटी शहापुरातले एक मेस्त्री भेटले. त्यांचं घराणं मूळ तांबटाचं. घागरी, हंडे, बंब. साठ-सत्तरच्या दशकात स्टेनलेस स्टील घराघरांत आलं, तांब्याचं गिऱ्हाईक आटलं आणि मेस्त्री बसगाड्यांचे पोचे काढायला लागले. आम्ही त्यांना मेस्त्रीमामा म्हणायचो. त्यांनी चेपलेल्या मडगार्डावर तळहात फिरवला, मग चांगल्या मडगार्डावर फिरवला आणि म्हणाले, "हंडाच हाय की ओ हा. उभा चिरलेला."

चेपलेलं मडगार्ड दुरुस्तीपलीकडं गेलं होतं. नवं करायचं तर साचा नाही. होतं ते डावं मडगार्ड, आणि करायचं होतं उजवं, म्हणजे आरशातलं. बाबा आणि मामांनी युक्ती काढली. डाव्या मडगार्डावर चार-चार इंचांवर खडूनं आडव्या रेषा मारल्या. प्रत्येक रेषेवरचा बाक बाबांनी पुठ्ठ्यावर उतरवला आणि पुठ्ठा कापला. पुठ्ठ्यांना १, २, ३ असे नंबर दिले. पुठ्ठा उलटा धरला की डाव्याचा बाक उजव्याचा होतो. मामांनी ठोकत जायचं आणि प्रत्येक रेषेवर पुठ्ठा लावून बघायचं. पुठ्ठा आणि पत्रा यांच्यातनं उजेड दिसेनासा झाला की ती रेषा झाली.

चांगला पत्रा सहज मिळत नव्हता, म्हणून तेलाचं दोनशे लिटरचं पिंप घेतलं. झाकण आणि बूड कापून ते उभं चिरलं, सपाट केलं. मडगार्ड एका तुकड्यात होणार नव्हतं, चार तुकड्यांत केलं. वाळूची गोणी, तिच्यावर पत्रा, वर लाकडी मोगरी. मध्ये ठोकलं की पत्रा ताणतो आणि फुगतो. कडेला तापवून ठोकलं की आक्रसतो. सगळी विद्या या दोन गोष्टींत आहे असं मामा म्हणायचे. मग तुकडे गॅस वेल्डिंगनं जोडले, सांधे घासले आणि वर शिसं भरलं. गाड्यांच्या कारखान्यातसुद्धा तेव्हा सांध्यावर शिसं-कथलाचा लेप द्यायचे, ही माहिती मला फार पुढं कळली. मामांना ती माहीत असायची गरजच नव्हती. कल्हई ज्या हातानं केली त्याच हातानं त्यांनी फडक्यानं शिसं फिरवलं.

अ‍ॅल्युमिनियमनं मात्र त्यांची परीक्षा घेतली. तांबं तापलं की लाल होऊन सांगतं, आता मऊ झालो. अ‍ॅल्युमिनियम काही बोलत नाही. ६६० अंशांना वितळतं, आणि लाल न होताच एकदम खाली गळतं. पहिल्या तुकड्याला भोक पडलं. मामा दोन दिवस गप्प होते. मग कुणीतरी सांगितलं म्हणून की स्वतःच सुचलं म्हणून, ते कपडे धुण्याची साबणवडी घेऊन आले. पत्र्यावर साबण घासायचा आणि ज्योत फिरवायची. साबण काळपट तपकिरी झाला की थांबायचं. पत्रा मऊ झालेला असतो. ही युक्ती जगभरचे पत्रेवाले वापरतात. आमच्या अंगणात ती वापरली तेव्हा आईची साबणाची वडी गेली, त्याचा हिशेब ती बरीच वर्षं सांगत असे.

एम.जी.ए.ची मडगार्डं बॉडीला वेल्डिंगनं जोडलेली नसतात, बोल्टनं कसलेली असतात आणि मध्ये एक बारीक गोल पट्टी असते, उशीच्या कडेला पायपिंग असतं तशी. ती आमच्याकडं स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्यानं रेक्झिनमध्ये दोरी घालून शिवून दिली. पुढच्या जाळीच्या उभ्या पट्ट्या पितळेच्या केल्या आणि वर तांबं, निकेल, क्रोम असे तीन हात दिले. सिल मामांनी जाड पत्र्याची केली, मुळापेक्षा जाड. "गोव्याचं मीठ पिऊन आलीया, जरा अंगात असू दे," म्हणाले.

हे सगळं एका दमात झालं नाही. पैसे साठले की काम, संपले की थांबायचं. १९७६ ला सुरू झालेलं काम १९७८ च्या मे महिन्यात संपलं. बाबांनी गाडी हिरवी रंगवून घेतली आणि आम्ही दोघं चोर्ल्याच्या रस्त्यानं जांबोटीपर्यंत जाऊन आलो. टप नव्हताच, डोक्यावर आभाळ. मी अठरा वर्षांचा होतो. त्या दिवशीचा वारा मला अजून आठवतो.

आता एकदम पुढं येतो.

अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. कारखाना बंद झाला म्हणजे सुटे भाग बंद, असं आपल्याला वाटतं. तिकडं उलटं झालं. गाड्या लाखांनी खपलेल्या आणि मालक हौशी, त्यामुळं जुन्या गाड्यांचा पत्रा बनवणं हाच एक धंदा झाला. एम.जी.ए.नंतर आलेल्या एम.जी.बी.ची तर १९८८ पासून अख्खी नवी बॉडी मिळू लागली, ब्रिटिश मोटर हेरिटेजनं जुने साचे पुन्हा कामाला लावून काढलेली. एम.जी.ए.चीही मडगार्डं, सिल, जाळ्या, दाराचे पत्रे हळूहळू सगळं मिळू लागलं. आणि १९९१ नंतर आपल्याकडचीही दारं उघडली. ज्या मडगार्डासाठी बाबांनी पत्र घडी करून ठेवलं, ते आता माझा मुलगा पुण्यात बसून फोनवर मागवू शकतो.

आणि त्यानं ते मागवलंच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी मधली बरीच वर्षं नुसती उभी होती. मुलानं ती चालती करायचं मनावर घेतलं, मला आनंदच झाला. त्यानं यादी केली: दोन्ही सिल, दारांच्या कडांचे पत्रे, जाळी आणि उजवं मडगार्ड. मी म्हटलं, "सिल घे. मडगार्ड कशाला? ते चांगलं आहे." तो म्हणाला, "बाबा, ते वाकडं आहे." झालं, तिथून सुरुवात.

त्याच्या बोलण्यात दम नव्हता असं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्ही ए' ही अक्षरं येतात. पण अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. मुलाचं म्हणणं, पिंपाच्या पत्र्याचं मडगार्ड म्हणजे मूळ रूप कसं? विलायती मडगार्ड लावलं की गाडी कारखान्यातनं निघाली तशी होईल. माझं म्हणणं, विलायती मडगार्डसुद्धा १९५८ चं नाही, परवाचं आहे. अ‍ॅबिंग्डनमध्ये तर ते बनलेलं नाहीच. मग एक परका नवा पत्रा 'मूळ' आणि पंचेचाळीस वर्षं अंगावर वागवलेला पत्रा 'फेरबदल', हे कुठलं शास्त्र?

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही दोघं बडोद्याला आत्याच्या घरी गेलो होतो. तेव्हा लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरली होती, ती बघायलाच गेलो म्हणा ना. संस्थानिकांच्या गाड्या बघून डोळे दिपले. पण काही गाड्या इतक्या चकाचक की शोरूममधनं निघाल्या तेव्हाही त्या इतक्या गुळगुळीत नसतील. अशा स्पर्धांत हल्ली नुसत्या जपलेल्या, रंगाचे पापुद्रे निघालेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवतात. जुन्या वाहनांची एक जागतिक संघटना आहे, १९६६ साली स्थापन झालेली, 'फिवा' म्हणतात तिला. तिनं 'तुरिन सनद' म्हणून तत्त्वं मांडलीत. नवं करण्यापेक्षा जपणं बरं, गाडीच्या आयुष्यात झालेले बदलही तिच्या इतिहासाचा भाग आहेत आणि जो भाग नवा लावाल त्यावर न दिसेल अशी पण टिकेल अशी खूण करा, असा त्याचा मथितार्थ. मी मुलाला म्हटलं, "बघ!" तो म्हणाला, "बाबा, त्यात चुकीचं वळणही जपा असं लिहिलंय का?"

इंग्लंडचा खोका आला. सिल पहिल्या फटक्यात बसल्या नाहीत. मामांनी १९७७ ला दाराचे खांब ज्या जागी उभे केले होते, ती जागा मुळापेक्षा थोडी सरकलेली होती. नव्या सिल कापून, जुळवून बसवाव्या लागल्या. कागदावर 'जशीच्या तशी' असलेली कुठलीच पट्टी जुन्या गाडीला जशीच्या तशी बसत नाही, हे मात्र त्या दिवशी आम्हा दोघांनाही पटलं. प्रत्येक गाडी आपापल्या परीनं वाकडी असते.

मडगार्ड बदलायचा दिवस ठरला. त्यासाठी जुनं खोललं. आतल्या बाजूचं डांबर खरवडलं तर खाली पंचनं मारलेले आकडे निघाले. १, २, ३ करत ११ पर्यंत, चार-चार इंचांवर. बाबांच्या पुठ्ठ्यांचे नंबर. मी थोडा वेळ खाली बसलो. मुलगा काही बोलला नाही. मग म्हणाला, "मेस्त्री आजोबा आहेत का अजून?"

आहेत. ऐंशी पार केलीय, कान गेलेत, नजर शाबूत आहे. शहापुरातच मुलाकडं असतात. आम्ही मडगार्डाचे फोटो घेऊन गेलो. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला भरून येईल, म्हणेल ठेवा रे माझी आठवण. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "हे अजून हाय होय? टाका ओ ते. चुकलंय ते."

मी म्हटलं, "मामा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कळंल न्हाई तर? पाच नंबरचा पुठ्ठा. तुझ्या बाबांनी कापला, जरा बाहेर गेला. मी पुठ्ठ्यावर ठोकलं. उभं केल्यावर दोघांच्याबी ध्यानात आलं."

"मग परत का नाही केलं?"

मामा थोडा वेळ थांबले. "सर म्हणाले, करा परत, पैसे देतो. मी म्हटलं, नको. जून आला हुता. तुझी कॉलेजची फी भरायची हुती. त्या पैशातलंच दिलं असतं की त्यांनी. म्हटलं, राहू दे सर, दिसत न्हाई कुणाला." मग माझ्या मुलाकडं बघून म्हणाले, "आता पैसे हायत न्हवं? मग नीट करा. माझ्या हातचं वाकडं काम गावात फिरतंय, बरं वाटतंय काय मला?"

येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प. आणि गंमत बघा, घरी आल्यावर आमच्या बाजू उलट झाल्या. मुलगा म्हणाला, "मडगार्ड बदलायचं नाही. तुमची फी आहे ती." आणि मी, वर्षभर त्या मडगार्डासाठी भांडलेला माणूस, म्हणत होतो, "अरे पण मामांची इच्छा?" आठवण आमची, पण काम त्यांचं. कारागिराला आपली चूक दुरुस्त व्हावी असं वाटत असताना आपण ती हौसेनं मिरवायची, हा त्याचा मान आहे की अपमान? मला खरंच ठरवता येईना. अजूनही नीट येत नाही.

आपण सगळेच बाहेरगावी पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले लोक. बेळगाव, गोवा, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, कुठंही. आपल्या घरात 'मूळ' काय उरलंय? माझी मराठी कानडीच्या शेजारानं वाकलेली आहे, काकांच्या घरची कोकणीनं. पुण्याच्या पाहुण्यांना तिच्यात तीन सूत फरक दिसतो. सांधे आहेतच. प्रश्न एवढाच की ते कुणी जोडले हे आपल्याला माहीत आहे का. बेडकीचं म्हणाल तर चासी अ‍ॅबिंग्डनची, गॅस्केट अँबॅसॅडरची, पायपिंग स्कूटरच्या सीटवाल्याचं, मडगार्ड तेलाच्या पिंपाचं, सिल आता इंग्लंडच्या. यातलं प्रत्येक कुणी केलं ते मला सांगता येतं. मला वाटतं, गाडीचा खरा जन्मदाखला तोच.

म्हणून आम्ही एक वही केली. कुठला भाग कधी, कुणी, कशाचा केला आणि किती पैसे दिले ते सगळं तीत लिहिलं. बाबांचं पंचांगातलं पत्र तिच्यात चिकटवलं. नव्या सिलवर आतल्या बाजूला पंचनं '२०२३' मारलं. नोंदणीचे कागद करताना काहीही लपवायचं नाही, वही सोबत जोडायची, हे ठरवलं. पुढं अधिकारी काय म्हणतील ते म्हणतील. विलायती मडगार्ड शेडच्या भिंतीवर टांगलंय. उद्या मुलाला किंवा नातीला बदलावंसं वाटलं तर बोल्टच तर आहेत.

आणि पिंपाचं मडगार्ड परत जागेवर बसलं.

गाडी तयार झाल्यावर मामांना घेऊन आलो. मी आधीच हात जोडले, "मामा, तुमचं ऐकलं नाही." ते काही बोलले नाहीत. पाट मागितला. पाटावर बसले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले. मग उठून उजव्या मडगार्डावर तळहात फिरवला, त्या पहिल्या दिवशी फिरवला होता तसाच.

"कोण म्हणतंय तीन सूत?" म्हणाले. "अडीच हाय."

मंडळी, तुमच्या घरी अशी एखादी दुरुस्त केलेली वस्तू असेल, मग ती गाडी असो, शिलाई मशीन असो की देवघर, तर दुरुस्त कुणी केली त्यांचं नाव एकदा लिहून ठेवा. आमच्या वहीत मामांचं नाव पहिल्या पानावर आहे, बाबांच्या नावाशेजारी.